जाहीर व्याख्यान कोणासाठी?

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या महाविद्यालयात डिसेंबर-जानेवारीत गेलो की प्रवेशद्वाराशीच एक काळा फलक दिसतो. वर ‘आगामी कार्यक्रम’ अशी अक्षरे आणि खाली खडूने लिहिलेली यादी असते. तीन दिवसांची व्याख्यानमाला, वक्त्यांची नावे आणि विषय. मग वार्षिक स्नेहसंमेलन, त्यात एकांकिका, लोकनृत्ये, गाणी. आणि शेवटी पारितोषिक वितरण. यादीच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : ‘सर्वांना प्रवेश खुला’.

या लेखात आपण या शेवटच्या ओळीचा इतिहास पाहणार आहोत. ‘सर्वांना’ म्हणजे नेमके कोणाला? विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जाऊन लोकांशी बोलावे, ही कल्पना आली कुठून? आणि दार उघडे ठेवले की लोक आत येतातच, असे असते का? हे प्रश्न आम्ही पाथर्डी तालुका डोळ्यांसमोर ठेवून विचारत आहोत. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, गर्भगिरीच्या डोंगररांगांना लागून असलेला हा कमी पावसाचा तालुका. येथल्या बाबूजी आव्हाड महाविद्यालयासारखी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे विद्यापीठ पुण्यात, सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दूर असले, तरी कागदोपत्री ते पाथर्डीचेही आहे.

परीक्षा घेणारे, पण न बोलणारे विद्यापीठ

आपल्याकडे आधुनिक विद्यापीठ आले ते १८५७ साली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे एकाच वर्षी विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना होता त्या वेळचे लंडन विद्यापीठ. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण या विद्यापीठांत कोणी शिकवत नसे. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यापीठाला जणू प्रश्न विचारता येत होते, पण समजावून सांगता येत नव्हते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे, याला कायद्याने वाट मिळाली ती १९०४ साली.

मुंबई विद्यापीठातून बी. ए. होणाऱ्या पहिल्या तुकडीत, १८६२ साली, दोन नावे होती : महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. पुढे या दोघांनीही जाहीर व्याख्यानांच्या इतिहासात आपापली खूण उमटवली, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

रानडे न्यायखात्यात नोकरीनिमित्त पुण्यात होते. त्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ असे होते. भाषण ही शिकण्याची आणि सरावाची गोष्ट आहे, हे या नावातच आले. विशेष म्हणजे या मालेची वेळ. ती वसंतात, म्हणजे उन्हाळ्याच्या दिवसांत भरते. संध्याकाळी हवा सुखद असते आणि शाळा-महाविद्यालयांना सुट्ट्या असतात. पुण्याच्या शिकलेल्या नागरिकाला ज्या दिवसांत सवड, त्या दिवसांत व्याख्यान. ही माला दीडशे वर्षे टिकली, त्यामागे इतर कारणांबरोबर हे साधे कारणही असावे.

भांडारकरांना १८७७ साली मुंबई विद्यापीठाने डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाच्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानांसाठी बोलावले. संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि त्यांतून घडलेल्या मराठी-गुजराती-हिंदी या भाषा असा त्यांच्या विवेचनाचा प्रवास होता. परीक्षा घेणारे विद्यापीठ येथे प्रथमच जाहीरपणे विद्या सांगू लागले, असे म्हणायला हरकत नाही. ती व्याख्याने आजही भाषेचे अभ्यासक वाचतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मराठी भाषा कशी घडली हे सांगणारी ही व्याख्याने इंग्रजीत होती. ज्यांच्या तोंडी ती मराठी होती, त्यांतल्या बहुतेकांना ती कळण्याचा मार्ग नव्हता.

मराठीतून शास्त्र सांगण्याचे प्रयत्न नव्हते असे मात्र नाही; ते विद्यापीठापेक्षाही जुने आहेत. मुंबईत १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली आणि तिच्या मराठी व गुजराती शाखा झाल्या. मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. सभेत निबंध वाचले जात आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ या मासिकात उपयुक्त माहितीचे लेख छापले जात. खुद्द अहमदनगर शहरात त्याआधी, १८४२ साली, अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले होते. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण त्याच्या पानांतून भूगोल-खगोलाची माहितीही वाचकांपर्यंत पोचत होती. म्हणजे नगर जिल्ह्याला छापील शास्त्रज्ञान मिळाले ते विद्यापीठाची वाट न पाहता.

एक तिकीट आणि काही आकृत्या

आता थोडे बाहेरच्या जगाकडे वळू. १८१२ साली लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा एक मुलगा होता. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मुलाने ती ऐकली, टिपणे काढली, घरी येऊन ती आकृत्यांसह नीट उतरवली, आपल्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. दुसऱ्या वर्षी तो त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. हा मायकेल फॅरेडे. पुढे १८२५ साली त्याच संस्थेत मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली, आणि फॅरेडेने स्वतः त्यांतल्या एकोणीस माला गुंफल्या. साध्या मेणबत्तीपासून रसायनशास्त्र उलगडणारी त्याची माला प्रसिद्धच आहे.

ही गोष्ट आपण वर्गात नेहमी सांगतो. पण सांगताना एक भाग सुटतो. फॅरेडेला व्याख्यान ऐकायला मिळाले ते तिकीट कोणीतरी हातात ठेवले म्हणून. लंडनमध्ये त्याच्यासारखे किती तरी उमेदवार होते. सगळ्यांच्या दुकानात असे गिऱ्हाईक येत नव्हते.

तिकिटाचा हा अडसर कसा दूर करावा, हा प्रश्न पुढे जेम्स स्टुअर्ट या केंब्रिजच्या तरुण प्राध्यापकाने हाती घेतला. १८६७ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर आणि शेफिल्ड या शहरांत त्याने स्त्रियांसाठी खगोलशास्त्रावर व्याख्याने दिली. विद्यापीठाची दारे तेव्हा स्त्रियांना बंद होती. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे व्हावीत असे त्याला वाटे. पण तरुण वक्त्याने स्त्रियांना समोरासमोर प्रश्न विचारणे त्या काळी अनुचित समजले जाई. म्हणून त्याने प्रश्न छापून वाटले आणि उत्तरे लिहून पाठवायला सांगितली. उत्तरे आली ती त्याच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. व्याख्यानाचा सारांश देणारा छापील कागदही तो आधी देऊ लागला, म्हणजे ऐकणाराला धागा सापडावा.

दुसरा प्रसंग रॉचडेल या गावचा. सहकारी भांडारासाठी प्रसिद्ध असलेल्या तिथल्या कामगारांसमोर स्टुअर्ट बोलत असे. एकदा पुढच्या व्याख्यानाला लागतील म्हणून त्याने आपल्या आकृत्या सभागृहाच्या भिंतीवरच राहू दिल्या. दरम्यान सभासद त्या आकृत्यांपुढे उभे राहून आपसात चर्चा करत राहिले आणि त्यांच्याकडे विचारण्यासारखे बरेच साठले. तेव्हापासून स्टुअर्टने व्याख्यानाला जोडूनच चर्चेचा वेगळा तास ठेवायला सुरुवात केली.

१८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. नॉटिंगहॅम, डर्बी आणि लेस्टर येथे पहिली केंद्रे निघाली. यालाच पुढे विद्यापीठाचे विस्तारकार्य म्हणू लागले; आपल्याकडे त्याला ‘बहिःशाल शिक्षण’ हा सुरेख शब्द मिळाला. शाळेच्या बाहेरचे ते बहिःशाल. त्याच वर्षी, १८७३ मध्येच, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण विद्या मूठभरांच्या हातून सुटली पाहिजे, हा विचार दोन्हीकडे होता.

स्टुअर्टच्या या दोन प्रसंगांत आम्हाला महत्त्वाचे वाटते ते असे : व्याख्यान लोकांचे झाले ते वक्ता गावी गेला म्हणून नव्हे. ऐकणाऱ्याला उलट बोलण्याची जागा मिळाली, म्हणून झाले.

पुणे विद्यापीठ आणि जयकरांच्या नावाची माला

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. पहिले कुलगुरू होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर (१८७३–१९५९). सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रापासून खानदेशापर्यंत विद्यापीठाचे क्षेत्र होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

या विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे संलग्न महाविद्यालयांत जी व्याख्यानमाला होते, तिचे नाव ‘डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला’. फलकावर आपण पाहिलेली तीन दिवसांची यादी बहुधा तिचीच असते. नगर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतल्या लहान गावांतून ती होते. प्राध्यापक, लेखक, डॉक्टर, समाजकार्यकर्ते बोलतात, भाषा मराठी असते, तिकीट नसते. भांडारकरांच्या काळची भाषेची भिंत आणि फॅरेडेच्या काळची तिकिटाची भिंत, दोन्ही येथे पडल्या आहेत. ही लहान गोष्ट नाही. ज्या गावी मोठे सभागृह नाही, पुस्तकांचे दुकान नाही, तिथे वर्षातून तीन दिवस का होईना, नवा माणूस येतो आणि नवा विषय बोलतो.

मग अडते कुठे? ते समजण्यासाठी पाथर्डीची जुनी व्यासपीठे पाहावी लागतील.

पाथर्डीची जुनी व्यासपीठे

पाथर्डीला ऐकण्याची सवय विद्यापीठाने लावलेली नाही. ती फार जुनी आहे.

जैन आचार्य आनंदऋषी (१९००–१९९२) यांचा जन्म याच तालुक्यातल्या चिचोंडीचा, आणि पाथर्डी हे त्यांच्या प्रेरणेने चाललेल्या शिक्षणकार्याचे एक केंद्र. जैन साधू पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी मुक्काम करतात आणि या चातुर्मासात रोज प्रवचन होते. म्हणजे ही पावसाळ्यातली व्याख्यानमालाच झाली, आणि तीही तीन दिवसांची नव्हे, चार महिन्यांची.

मढीला कानिफनाथांची यात्रा भरते ती होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. भटक्या जमातींचे लोक दूरदूरून तिथे येतात, म्हणून तिला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. तिथला गाढवांचा बाजारही प्रसिद्ध आहे. ज्यांचे एक गाव नाही, त्यांच्या भेटीगाठी आणि देवघेव वर्षानुवर्षे या यात्रेत होत आली.

भगवानगडही याच तालुक्यात. संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी कीर्तन आणि नामसप्ताह यांच्या जोडीने शिक्षणाचा आग्रह धरला. गडाचा नारळी सप्ताह दर वर्षी वेगळ्या गावी होतो. पुढचा सप्ताह ज्या गावी व्हायचा, त्या गावाला नारळ दिला जातो. विद्यापीठाच्या भाषेत सांगायचे तर केंद्र दर वर्षी बदलते आणि यजमानपण गाव मागून घेते.

कीर्तनाची रचनाही अभ्यासण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषय मांडायचा आणि उत्तररंगात तो एखाद्या आख्यानातून दाखवायचा, म्हणजे आधी सिद्धांत आणि मग उदाहरण. वारकरी कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात. ते गातात, साथ देतात, आणि सभेतले लोकही त्यांच्याबरोबर म्हणू लागतात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर श्रोत्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. पुढे सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे १९४४ सालचे लाल बावटा कलापथक या सर्वांनी हेच केले : विचार सांगायचा, पण गाण्यातून आणि खेळातून.

विज्ञानप्रसाराने हा धडा उशिरा गिरवला, पण गिरवला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० साली कलाजथा काढला. १९८७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारत जनविज्ञान जथ्यात देशाच्या पाच दिशांनी कलापथके निघाली आणि ७ नोव्हेंबरला, म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या जन्मदिनी, भोपाळला पोचली. वायुदुर्घटना सोसलेल्या त्या शहरात समारोप ठेवण्यामागे हेतू होता : विज्ञान कोणासाठी, हा प्रश्न तिथे विचारायचा होता. योगायोग असा की त्याच वर्षी पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झाले आणि संगीत, नृत्य, नाट्य यांना विद्यापीठात शिकण्याच्या विषयांचे स्थान मिळाले. १९९६ पासून अनेक वर्षे त्याचे प्रमुख असलेले नाटककार सतीश आळेकर हे शिक्षणाने जीवरसायनशास्त्रज्ञ. फलकावर व्याख्यान आणि नाटक एकाखाली एक लिहिलेले असतात, ते शेजारी शेजारी असण्यामागे एवढी मोठी परंपरा आहे.

दोन हंगाम, एकच वेळ

आता फलकावरच्या तारखांकडे पुन्हा पाहू. व्याख्यानमाला आणि स्नेहसंमेलने बहुतेक ठिकाणी हिवाळ्यात होतात. विद्यापीठाच्या दृष्टीने हे सोयीचेच. पहिले सत्र संपलेले असते, वार्षिक परीक्षा दूर असतात, पाऊस नसतो.

पण पाथर्डीचे दुसरे एक पंचांग आहे. पाऊस कमी, बारमाही पाणी थोडे, म्हणून तालुक्यातली असंख्य कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक आणि ट्रॅक्टर भरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर चार-पाच महिने मुक्काम. परत यायचे ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात. मुले कधी बरोबर जातात, कधी आजी-आजोबांजवळ वा हंगामी वसतिगृहात राहतात. आपल्यापैकी अनेक शिक्षकांच्या हजेरीपत्रकात हे दर वर्षी दिसते.

म्हणजे व्याख्यानांचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच! ‘सर्वांना प्रवेश खुला’ असे ज्या दिवसांत लिहिले जाते, त्या दिवसांत त्या ‘सर्वां’मधले कितीतरी जण तालुक्यातच नसतात. त्यांना कोणी अडवलेले नाही, भाषा त्यांचीच आहे, तिकीटही नाही. फक्त महिना त्यांचा नाही. याउलट जुनी व्यासपीठे पाहा. चातुर्मासातली प्रवचने पावसाळ्यात. मढीची यात्रा ऊसतोडीचा हंगाम उलगडत असताना. कारणे निरनिराळी आणि बरीचशी धार्मिक. पण परिणाम असा की त्यांच्या वेळी माणूस गावात असतो, किंवा गावाकडे निघालेला असतो. रानड्यांनीही पुणेकरांच्या सवडीचा ऋतू निवडलाच होता.

इतिहासाने तीन भिंती दाखवल्या : तिकिटाची, भाषेची आणि वेळेची. पहिल्या दोन पाडायला शतक लागले. तिसरी पाडायला पैसा लागत नाही. फक्त कॅलेंडर उघडावे लागते. ऑगस्ट-सप्टेंबरात, पहिल्या सत्रातच, संध्याकाळी व्याख्यान ठेवता येईल. विषय पाण्याचा, मातीचा, आरोग्याचा असेल, तर ऐकायला पालकही येतील. कारण तेव्हा ते घरी असतात.

प्रश्नाचे पोस्टकार्ड

वेळेइतकाच मुद्दा प्रश्नाचा. आपल्या बहुतेक सभांत आभारप्रदर्शनाला वेळ असतो, प्रश्नांना नसतो. मुले रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात आणि वक्त्याची सही घ्यायला धावतात.

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी या सहीवर एक युक्ती काढली होती. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत : विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेलच. पुणे विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली उभ्या राहिलेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक. स्टुअर्टने टपालाने उत्तरे मागवली. नारळीकरांनी टपालाने प्रश्न मागवले. दोन्हींत सुमारे शंभर वर्षांचे अंतर, पण मर्म एकच. शिवाय पोस्टकार्डाला हंगाम नसतो. ते पाथर्डीहून निघू शकते आणि फडावरच्या कोपीतूनही.

शिक्षकांना करता येण्यासारख्या तीन गोष्टी आम्ही सुचवतो. जवळच्या महाविद्यालयात व्याख्यान ठरले की विषयाचा एक पानी सारांश मिळवून आठवडाभर आधी वर्गात लावावा, रॉचडेलच्या आकृत्यांसारखा. त्याखाली मुलांना आपले प्रश्न लिहू द्यावेत आणि ते वक्त्याकडे आधीच पाठवावेत. आणि व्याख्यान झाल्यावर, वर्गातली जी मुले ऊसतोडीला गेलेली आहेत, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी टिपणे काढून ठेवावीत, फॅरेडेसारखी नीट, आकृत्यांसह. पाडव्यानंतर ती मुले परततील तेव्हा त्यांना ती वाचायला द्यावीत आणि मग एक तास फक्त त्यांच्या प्रश्नांसाठी ठेवावा.

त्या तासाला कदाचित असा प्रश्न येईल की ज्याचे उत्तर आपल्याला देता येणार नाही. उसाचे वजन तोडल्यानंतर तासातासाने का घटते? कोयत्याची धार कोणत्या कोनात जास्त टिकते? फडावर चार महिने राहिलेल्या मुलाजवळ निरीक्षणे भरपूर असतात, विचारायला जागा नसते. ती जागा मिळाली, की फलकावरची शेवटची ओळ थोडी अधिक खरी होईल.